पीळ

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात
आमच्या शाळेत गणित होत नाही.
अकरा मुलं, लाकडाची शेगडी,
टेबलावर लोकरीचे दोन गुंडे.
पांढरा विकतचा.
लाल म्हणजे माझ्या स्वेटरची उसवलेली बाही;
वाफ दिली तरी सरळ होईना,
कोपर अजून वाकलेलंच तिच्यात.

एक मार्चला मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधायचा.
पहिला करकोचा दिसला की सोडायचा,
मोहरलेल्या फांदीला अडकवायचा.
डॅन्यूबच्या या काठाला
स्वतःचं नाव विसरलेल्या म्हाताऱ्यांनाही
एवढं आठवतं.

पण रुमियाना म्हणाली, मणी हवेत.
गेल्या वर्षी नुसत्या दोऱ्याला
तालुक्याच्या मुली हसल्या होत्या.
दुकान फक्त बुधवारी उघडतं,
आणि त्यात पाव, मेणबत्त्या, खिळे.

दुसऱ्या दिवशी वेल्कोने दप्तर उपडं केलं.
लाकडी मणी! दोनशे, तीनशे,
घरंगळत पार शेगडीखाली.
एका अंगाने झिजून चपटे, काळपट,
डिझेलचा वास, आणि कुणाच्या तरी पाठीचा.
मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

पीळ द्यायला दोघं लागतात.
तू तुझ्या उजवीकडे फिरव,
समोरचा त्याच्या उजवीकडे.
ताणून धर. नाक खाजलं तरी सोडू नकोस.
मग मणी मधोमध, आणि टोकाला टोक.
पुढचं दोरा स्वतःच करतो,
आणि पोरं दर वेळी अशी ओरडतात
जणू कालच दोऱ्याला जीव फुटला.

अकरा म्हणजे विषम. वेल्को उरला.
त्याच्या समोर नेवियाना असायची.
ती आता लाइपझिगला;
एका वर्गात सव्वीस मुलं आहेत म्हणाली फोनवर,
त्याला वाटलं, थापा मारतेय.
त्याने टोक दाराच्या कडीला बांधलं.

आणि दार उघडलं.

दोरा गेला, मणी गेला.
दारात स्तामेन ड्रायव्हर, डोक्यावर टोपी तशीच.
बसचा मार्ग बंद होऊन दुसरं वर्ष.
गाडी त्याच्याच अंगणात, चाकांना विटा,
मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात.
रोज सकाळी जाऊन सीटवर बसतो म्हणे.
आज बसला, तर पाठीला नुसता स्पंज लागला.

कुणी बोललं नाही.
शेगडीत एक ढलपी तडकली.
वेल्कोचे कान माझ्या बाहीच्या रंगाचे.

स्तामेनने एक मणी उचलला,
अंगठ्याखाली फिरवला.
"हा कमरेच्या ओळीतला," म्हणाला,
"वीस वर्षं. विदिनपर्यंत. दिवसातून दोनदा."
मग भिंत धरून सावकाश वाकला
आणि जमिनीवरचं सुटलेलं टोक घेतलं.
"कुठल्या बाजूला?"
"तुमच्या उजवीकडे," वेल्को खाली बघत पुटपुटला,
"आणि सोडायचं नाही."

स्टीअरिंगचे हात ते.
पीळ असा बसला
की सोडवायला कात्रीच लागेल.

अठ्ठावीस मार्चला करकोचा आला,
नेमका बंद थांब्याच्या खांबावर.
पोरांनी जर्दाळूला दहा दोरे बांधले, मी अकरावा,
वेल्कोने सगळ्यांत उंच फांदीला.
काड्या पडतात त्या स्तामेनच्या टपावर,
चोचींची टकटक त्याच्या उशाशी,
आणि हा म्हणतो,
"कुठे? मला नाही बुवा दिसत.
नजर अधू झाली आता."

मे संपत आला.
त्याच्या मनगटावरचं पांढरं कळकटलं,
लाल उतरून गुलाबी झालं.
वेल्को येता-जाता कुंपणावरून विचारतो, "दिसला?"
"छे."

दुसरी बाही मी अजून उसवलेली नाही.
रुमियानाची आई कागदपत्रं गोळा करतेय,
म्हणजे पुढच्या वर्षी दहाच. सम आकडा.
वेल्कोने ते बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं,
मग मला विचारलं,
तरी त्यांना बोलवायचं ना?